मून क्लिपची भरणी आणि उतरणी : नळी, पक्कड आणि तरफेचे यंत्र

मून क्लिप, म्हणजे रिव्हॉल्व्हरची सगळी काडतुसे एकत्र धरणारी चकती, वापरणाऱ्या नेमबाजाने साधनांवर पहिला खर्च कोणता करावा, असे कोणी विचारले, तर काडतुसे उतरवण्याच्या साध्या पोलादी नळीवर करावा, असे मी बेधडक सांगेन. भरणीच्या यंत्राचा विचार त्यानंतर, आणि तोही आपले रिव्हॉल्व्हर कोणत्या काडतुसाचे आहे हे पाहूनच करावा. अमेरिकेतील क्लबांच्या सामन्यांत मी दोन रिव्हॉल्व्हर वापरतो. एक स्मिथ अँड वेसनचे .४५ एसीपीचे, सहा गोळ्यांचे मॉडेल ६२५ आणि दुसरे त्याच कंपनीचे ९ मिलिमीटरचे, आठ गोळ्यांचे मॉडेल ९२९. या दोन्हींसाठी क्लिप भरण्याची आणि रिकामी करण्याची जी साधने मी वापरून पाहिली, त्यांचे हे परीक्षण आहे. अशी साधने बऱ्याच छोट्या यंत्रशाळा बनवतात आणि एका प्रकारच्या साधनांची रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते. त्यामुळे नावापेक्षा रचनेबद्दल लिहिणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

महाराष्ट्रातील वाचकांपैकी ज्यांच्याकडे परवान्याचे रिव्हॉल्व्हर आहे, त्यांना हा प्रश्न कधी पडला नसेल, कारण भारतात मिळणारी .३२ ची रिव्हॉल्व्हर, मग ते कानपूरचे जुने मार्क ३ असो किंवा २०१४ मध्ये आलेले निर्भीक असो, .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे कडेचे काडतूस वापरतात. त्या काडतुसाच्या बुडाला पुंगळीच्या, म्हणजे पितळी आवरणाच्या, अंगापेक्षा रुंद कड असते. ती कड सिलिंडरच्या कप्प्याबाहेर टेकून राहते, आणि रिव्हॉल्व्हर बिजागरीवर उघडले की एक्स्ट्रॅक्टरचा तारा, म्हणजे सिलिंडरच्या मध्यावरचा चांदणीच्या आकाराचा भाग, त्याच कडेला धरून पुंगळी मागे ढकलतो. .४५ एसीपी आणि ९ मिलिमीटर ही मुळात पिस्तुलाची काडतुसे आहेत. मॅगझिनमधून ती एकमेकांना न अडकता सरकावीत म्हणून त्यांना बाहेर आलेली कड ठेवलेली नाही. तिच्याऐवजी बुडाजवळ गोल फिरणारी एक खाच आहे. असे काडतूस रिव्हॉल्व्हरमध्ये घातले तर तार्‍याला धरायला काहीच मिळत नाही. मॉडेल ६२५ मध्ये ते सुटे घालून झाडता येते, कारण पुंगळीचे तोंड कप्प्यातल्या पायरीवर टेकते, पण नंतर प्रत्येक रिकामी पुंगळी पुढून काडी घालून ढकलावी लागते. मून क्लिप ही अडचण दूर करते. एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असलेल्या पोलादी पत्र्याच्या या चकतीला कडेने सहा किंवा आठ खोबण्या असतात, प्रत्येक खोबणीची दोन टोके काडतुसाच्या खाचेत शिरून त्याला पकडतात, आणि तारा मग क्लिपलाच धक्का देऊन सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर काढतो.

ही युक्ती पहिल्या महायुद्धातली आहे. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा सैन्याला एम १९११ पिस्तुले पुरेशी नव्हती. म्हणून कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोन्ही कंपन्यांकडून .४५ एसीपीची रिव्हॉल्व्हर बनवून घेतली गेली. मॉडेल १९१७ या नावाने ती ओळखली जातात आणि दोन्ही कंपन्यांची मिळून ती तीन लाखांच्या आसपास बनली. त्यांच्यासाठी स्मिथ अँड वेसनने तीन काडतुसांची अर्धी क्लिप काढली. सहा काडतुसांची पूर्ण क्लिप बाजारात रुळली ती पुष्कळ नंतर, आणि तिचे खरे घर युद्धभूमी नव्हे तर स्पर्धेचे मैदान ठरले. १९९९ मध्ये जेरी मिकुलेक या अमेरिकी नेमबाजाने सहा गोळ्या झाडून, रिव्हॉल्व्हर पुन्हा भरून, आणखी सहा गोळ्या २.९९ सेकंदांत झाडल्या, तो विक्रम मॉडेल ६२५ आणि पूर्ण क्लिप यांच्या जोडीने झालेला आहे. सहाही पुंगळ्या एका धक्क्यात, एकाच तुकड्यात खाली पडतात आणि सहाही नवी काडतुसे एकदम आत जातात, म्हणूनच हा वेग शक्य होतो. शिवाय एखादी पुंगळी तार्‍याखाली घसरून अडकण्याची जी भीती कडेच्या काडतुसांत असते, ती इथे राहत नाही.

मैदानावर वाचवलेल्या या वेळाची किंमत घरी मोजावी लागते. यूएसपीएसए या अमेरिकेतील नेमबाजी संघटनेच्या नियमांप्रमाणे एका स्टेजमध्ये, म्हणजे सामन्याच्या एका टप्प्यात, जास्तीत जास्त ३२ गोळ्या लागतील अशी मांडणी करता येते, आणि क्लबच्या एका सामन्यात पाच-सहा स्टेज असतात. सगळ्या स्टेज कमाल मर्यादेच्या नसतात, तरीही दीडशे गोळ्या सहज लागतात. सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरला याचा अर्थ पंचवीस भरलेल्या क्लिपा. त्यातही अर्धी झाडलेली क्लिप टाकून नवी घालणे हे रिव्हॉल्व्हरवाल्यांचे नेहमीचे तंत्र असल्याने पस्तीस-चाळीस क्लिपा भरून नेणेच शहाणपणाचे असते. सामन्यादरम्यान मैदानावर बसून क्लिपा भरायला सवड मिळत नाही, कारण आपली पाळी नसते तेव्हा लक्ष्यांवर चिकटपट्ट्या लावायच्या असतात आणि गुण लिहून घ्यायचे असतात. म्हणजे सगळे काम आदल्या रात्री, आणि रिकामे करण्याचे काम परत आल्यावर. बोटांनी भरताना प्रत्येक काडतुसाला अंगठ्याने बाहेरून मध्याकडे दाबावे लागते, आणि चांगल्या कडक पोलादाच्या क्लिपेत ते ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत जात नाही. पहिल्या दहा क्लिपांत काही वाटत नाही. विसाव्या क्लिपेपर्यंत अंगठ्याचे पेर सुजल्यासारखे होते आणि दुसऱ्या दिवशी चाप ओढताना त्याची आठवण येते. संधिवात असलेल्या माणसाला तर हे जमणारच नाही, आणि रिव्हॉल्व्हरच्या स्पर्धांत केस पिकलेली मंडळी बरीच असतात.

रिकामे करणे त्याहून कठीण. रिकामी पुंगळी धरायला हलकी, कधी काजळीने निसरडी, आणि तिला बोटांनी ओढले तर क्लिपची टोके नखाखाली लागतात. लोक मग हाताशी येईल ते वापरतात, कोणी स्क्रूड्रायव्हर घालून पुंगळी उचकटतो, कोणी साध्या पकडीने पिळतो. पुंगळी निघते, पण क्लिप वाकते. डोळ्यांना दिसणारही नाही इतका बाक आला तरी सिलिंडर फिरताना क्लिप मागच्या भिंतीला घासते, चाप एका कप्प्यापाशी जड लागतो, आणि फारच वाकली असेल तर सिलिंडर अडते. म्हणून उतरवण्याचे चांगले साधन ही चैन नव्हे. क्लिपा टिकवणारी तीच गोष्ट आहे, आणि नळीला मी पहिला क्रमांक दिला तो याच कारणाने.

ही नळी दिसायला अगदी साधी आहे. बोटभर लांबीपेक्षा थोडी मोठी पोलादी नळी, तिच्या एका टोकाला लाकडाची किंवा जाड प्लास्टिकची मूठ, आणि दुसऱ्या टोकाला नळीच्या घेराचा काही भाग कापून काढलेला, म्हणजे तोंडाशी अर्धवट पन्हळ उरते. डाव्या हातात क्लिप धरायची, बुडे तळहाताकडे आणि पुंगळ्यांची तोंडे उजवीकडे. नळी एका पुंगळीवर पूर्ण सरकवायची, इतकी की तिचे तोंड क्लिपच्या पत्र्याला टेकेल. नळीचा कापलेला भाग मध्याकडे, म्हणजे शेजारच्या पुंगळ्यांच्या बाजूला ठेवायचा, नाहीतर नळी त्यांना अडेल आणि नीट बसणारच नाही. आता मूठ पुंगळ्यांच्या घोळक्यापासून दूर, बाहेरच्या बाजूला हलके कलवायची आणि त्याच हालचालीत किंचित पिळायची. पुंगळी खोबणीतून सुटते आणि नळीतच राहते. दुसऱ्या पुंगळीवर नळी चढवली की पहिली मागे सरकते. मूठ पोकळ असेल तर अशा पाच-सहा पुंगळ्या नळीत साठतात आणि शेवटी एकदम डब्यात ओतता येतात. माझ्या नळीची मूठ भरीव आहे, त्यामुळे प्रत्येक पुंगळी वेगळी झटकावी लागते. आज नव्याने घ्यायची झाली तर मी पोकळ मुठीचीच घेईन.

नळीचा मोठा गुण म्हणजे तिचा सगळा जोर पुंगळीच्या अंगावर पडतो, पत्र्यावर नाही. क्लिपच्या टोकांना जेवढे फाकणे आवश्यक आहे तेवढेच ती फाकतात. दुसरे म्हणजे न झाडलेले काडतूसही तिने तितक्याच निर्धोकपणे उतरवता येते, कारण नळी बाहेरून धरते आणि बुडातल्या प्राइमरला, म्हणजे घोड्याच्या माराने पेटणाऱ्या टोपीला, कशाचाही स्पर्श होत नाही. काही जण नळीऐवजी पुंगळीच्या तोंडात घालायची सळई विकतात. ती फक्त रिकाम्या पुंगळीला चालते, आणि सामन्यानंतर अर्ध्या भरलेल्या क्लिपा हमखास उरतात, तेव्हा तिचा उपयोग अर्धाच. नळी विकत घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. आतला व्यास काडतुसाला जुळता हवा. .४५ एसीपीच्या पुंगळीचे बूड साधारण १२.१ मिलिमीटर आणि ९ मिलिमीटरच्या पुंगळीचे ९.९ मिलिमीटर असते, त्यामुळे एका नळीत दोन्ही भागत नाहीत, आणि सैल नळी पुंगळीला पिळण्याऐवजी नुसती हलते. दुसरे, तोंडाच्या कापलेल्या कडा कानसीने गोल केलेल्या हव्यात. माझ्या ९ मिलिमीटरच्या नळीला कारखान्याकडून धारदार काठ आला होता आणि तो पितळेवर ओरखडे काढत होता. बारीक कानस आणि पॉलिश पेपर फिरवल्यावर तो दोष गेला, पण विकत घेतलेल्या वस्तूवर हे काम ग्राहकाने करायला नको होते. पुंगळ्या पुन्हा भरून वापरणाऱ्याला असे ओरखडे चालत नाहीत.

पकडीच्या आकाराचे भरणीचे साधन मी लवकरच बाजूला ठेवले. त्याच्या एका जबड्याला छोटी खुंटी असते, ती क्लिपच्या मधल्या भोकात बसते. दुसऱ्या जबड्याला काडतुसाच्या गोलाईची बैठक असते, आणि मुठी दाबल्या की काडतूस मध्याकडे सरकून खोबणीत बसते. .४५ च्या क्लिपेत ते ठीक चालते, कारण काडतुसांमध्ये जागा असते. आठ गोळ्यांच्या क्लिपेत शेवटची दोन काडतुसे घालताना जबडा शेजारच्या काडतुसांवर आपटतो. शिवाय अंगठ्याचा ताण फक्त तळव्यावर जातो, नाहीसा होत नाही. एखादी क्लिप मैदानावर झटपट भरायची असेल तर बॅगेत टाकायला ते बरे.

तरफेचे यंत्र मात्र घरच्या टेबलावरचे खरे काम करते. जड बैठक, तिच्यावर मधोमध उभा खुंट, खुंटाभोवती काडतुसे उभी राहतील असे खळगे, आणि बाजूने येणारी लांब तरफ. क्लिप खुंटावर बसवायची, काडतूस खळग्यात ठेवायचे, तरफ ओढायची. तरफेच्या टोकावरचा दाबा काडतुसाला मध्याकडे रेटतो आणि ते बसते. मग क्लिप एक घर फिरवायची. लांब तरफेमुळे जोर जवळजवळ लागतच नाही, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक काडतूस पत्र्याशी काटकोनात जाते. बोटांनी दाबताना काडतूस थोडे तिरके होते आणि क्लिपचे टोक वर किंवा खाली ढकलले जाते. यंत्रात तसे होत नाही. याच बैठकीला दुसरा दाबा लावून काही यंत्रांत उतरवण्याचीही सोय दिलेली असते. ती मी वापरून पाहिली आणि नळीकडेच परत आलो, कारण दर वेळी दाबा बदलणे आणि बैठक पुन्हा घट्ट करणे यात जो वेळ जातो, त्यात नळीने अर्ध्याहून अधिक क्लिपा रिकाम्या होतात.

यंत्राच्या तक्रारीही सांगितल्या पाहिजेत. ते टेबलाला बोल्टने बसवले नाही तर तरफ ओढताना सरकते, आणि भाड्याच्या घरात राहणारा माणूस टेबलाला भोके पाडत नाही. मी ते जाड फळीवर बसवून फळी टेबलाच्या काठाला शिकंज्याने घट्ट केली; हे चांगले चालते, पण विकणाऱ्याने रबराचे पाय तरी द्यायला हवे होते. दाब्याची जागा बदलता येते, पण ती बदलण्याचा स्क्रू इतका छोटा आहे की अॅलन चावीशिवाय हात लागत नाही. आणि एका काडतुसाचे यंत्र दुसऱ्याला वापरायचे तर खुंट आणि खळग्यांची चकती दोन्ही वेगळी विकत घ्यावी लागते. .४५ आणि ९ मिलिमीटर अशी दोन्ही रिव्हॉल्व्हर असणाऱ्याने हा खर्च आधीच धरावा.

आता ज्या मुद्द्यावर खरेदीदार सर्वांत कमी विचार करतात, त्याविषयी थोडे सविस्तर. भरणे सोपे की अवघड हे साधनावर जितके ठरते, त्याहून कितीतरी जास्त पुंगळी आणि क्लिप यांच्या जोडीवर ठरते. एकाच नावाच्या काडतुसाच्या खाचेची खोली आणि रुंदी निरनिराळ्या उत्पादकांच्या पुंगळ्यांत सारखी नसते. स्टारलाइन, विंचेस्टर, फेडरल, रेमिंग्टन अशा चार पुंगळ्या शेजारी ठेवून भिंगाखाली पाहिल्या तर हा फरक स्पष्ट दिसतो. पिस्तुलाला त्याने काही फरक पडत नाही, म्हणून कोणी तिकडे लक्ष देत नाही. क्लिपला मात्र पडतो. खाच उथळ असेल तर टोके पूर्ण शिरत नाहीत, काडतूस घालायला दुप्पट जोर लागतो आणि उतरवताना क्लिप वाकते. खाच खोल असेल तर काडतूस लटपटते. म्हणून यंत्र घेऊनही भरणी कठीणच जाते अशी तक्रार करणाऱ्याला मी आधी त्याच्या पुंगळ्यांचे बूड दाखवायला सांगतो. बहुतेक वेळा डब्यात चार कंपन्यांच्या पुंगळ्या मिसळलेल्या निघतात.

यावर उपाय सोपा आहे, पण शिस्तीचा आहे. रिव्हॉल्व्हरसाठी एकाच उत्पादकाच्या पुंगळ्या ठरवून घ्याव्यात, त्या पिस्तुलाच्या पुंगळ्यांत मिसळू देऊ नयेत, आणि क्लिपा त्या पुंगळ्यांना अनुसरूनच घ्याव्यात. क्लिपा बनवणारे जाणकार हे स्वतःच सांगतात. इलिनॉयमधील टीके कस्टमसारखा क्लिपांचा उत्पादक वेगवेगळ्या मॉडेलांसाठी वेगवेगळ्या क्लिपा विकतो आणि कोणती पुंगळी बसते याकडे खरेदीदाराचे लक्ष वेधतो. .३८ आणि .३५७ साठी असलेल्या आठ गोळ्यांच्या मॉडेल ६२७ मध्ये हा प्रश्न आणखी तीव्र होतो, कारण तिथे काडतुसाला आधीच कड असते आणि कडेपुढची खाच मुळात क्लिपसाठी केलेली नसते. काही पुंगळ्यांत ती इतकी उथळ असते की क्लिप धरतच नाही. स्पर्धेत ६२७ वापरणारी बरीच मंडळी .३८ शॉर्ट कोल्ट हे जुने आखूड काडतूस वापरतात. आखूड पुंगळी कप्प्यातून लवकर सुटते आणि नवी क्लिपही लवकर आत जाते, हे त्याचे मुख्य कारण. पण एकाच कारखान्याच्या नव्या पुंगळ्या घेतल्याने क्लिपेत बसणेही एकसारखे होते, हा फायदा मला तितकाच मोलाचा वाटतो.

काडतूस क्लिपेत किती घट्ट असावे, यावर नेमबाजांत दोन मते आहेत. काहींना अगदी ताठ क्लिप आवडते, कारण ती कमरपट्ट्यावरच्या क्लिप टांगायच्या खुंटावरून काढताना काडतुसे इकडेतिकडे पडत नाहीत. माझे मत थोड्या हालचालीच्या बाजूने आहे. काडतुसे किंचित हलती असली की गोळ्यांची टोके आपापला कप्पा स्वतः शोधतात, आणि तिरकस हाताने आणलेली क्लिपसुद्धा आत घसरते. ताठ क्लिपेचे मात्र सहाच्या सहा टोक एकाच वेळी बरोबर समोर यावे लागते. फार सैल मात्र चालत नाही. स्पर्धेच्या रिव्हॉल्व्हरमध्ये चाप हलका व्हावा म्हणून घोड्याची स्प्रिंग मऊ केलेली असते, आणि अशा वेळी काडतूस मागे टेकण्याऐवजी पुढे दबू शकले तर घोड्याचा मार उशीसारखा विरतो आणि प्राइमर पेटत नाही. पातळ क्लिप, खोल खाच आणि मऊ स्प्रिंग हे तिन्ही एकत्र आले की ‘माझे रिव्हॉल्व्हर मिसफायर करते’ ही तक्रार हमखास येते, आणि दोष रिव्हॉल्व्हरचा नसतो.

भरणीचे साधनच नको, असे वाटणाऱ्यांसाठी मॉडेल ६२५ पुरता एक पर्याय आहे, रिम्झ या नावाच्या पॉलिमरच्या क्लिपा. त्यांत काडतूस अंगठ्याने सहज दाबून बसते आणि बोटांनीच निघते. नळी आणि यंत्र दोन्हींची गरज उरत नाही. त्या पोलादासारख्या कायमच्या वाकत नाहीत, हाही फायदा. सरावाला मी त्याच वापरतो आणि नवख्या माणसालाही त्याच देतो. सामन्यात मात्र मी पोलादाकडे वळतो, कारण पॉलिमरमधील काडतुसे माझ्या हाताला थोडी जास्त मोकळी वाटतात आणि घाईत क्लिप आत टाकताना मला पोलादाचा ठामपणा हवा असतो. हे सवयीचे आहे. पोलादी क्लिप कधी वापरलीच नाही त्याला हा फरक जाणवणारही नाही.

वाकलेल्या क्लिपा वेळीच ओळखणे हे भरणीच्या कामाचाच भाग मानावे. रिकामी क्लिप काचेवर ठेवून बोटाने दाबली की बाक आहे का ते लगेच कळते. सपाट क्लिप हलत नाही, वाकलेली एका बाजूने उचलते. भरल्यावर तपासण्यासाठी मोकळ्या सिलिंडरच्या मापाचा तपासणीचा ठोकळा मिळतो, त्यात क्लिप सोडायची आणि ती सगळीकडून सारखी टेकते का ते पाहायचे. भरलेली क्लिप घरात रिव्हॉल्व्हरमध्ये घालून सिलिंडर फिरवून पाहण्याची काहींची पद्धत आहे. ती मी कोणालाही सुचवणार नाही. ठोकळा स्वस्त आहे आणि भरलेले शस्त्र घरात हाताळण्याचे काहीच कारण नाही. वाकलेली क्लिप सरळ करण्याचा प्रयत्नही फार करू नये. एकदा वाकलेले पोलाद तिथेच पुन्हा वाकते, आणि एका क्लिपची किंमत एका सामन्याच्या प्रवेशशुल्कापुढे काहीच नाही.

हाताळणीविषयी दोन गोष्टी नव्या नेमबाजांना कोणी सांगत नाही. यूएसपीएसएच्या मैदानावर सेफ्टी एरिया नावाचे जे टेबल असते, तिथे शस्त्र हाताळता येते पण दारूगोळा हाताळता येत नाही, डमी काडतूससुद्धा नाही. त्यामुळे क्लिपा भरण्याचे किंवा उतरवण्याचे साधन घेऊन त्या टेबलापाशी बसू नये. असे केल्यास सामन्यातून बाद होण्याची वेळ येते. क्लिपा भरायच्या तर गाडीच्या मागे किंवा बाकावर, शस्त्रापासून दूर. दुसरी गोष्ट शिशाची. झाडलेल्या पुंगळ्यांवरची काजळी बोटांना लागते, आणि नळीने पन्नास पुंगळ्या उतरवल्या की हात काळे होतात. हे काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर करू नये, मुलांना जवळ बसवून तर मुळीच करू नये, पातळ हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये. भरलेल्या क्लिपा नेण्यासाठी खुंट्यांची लाकडी फळी किंवा क्लिपच्या मापाची प्लास्टिकची नळी वापरावी. पिशवीत सुट्या टाकल्या तर त्या एकमेकींवर आपटून वाकतात, आणि आदल्या रात्री तरफेने जपून केलेले काम वाया जाते.

किमतीचे म्हणायचे तर नळी दहा ते पंचवीस डॉलरच्या दरम्यान मिळते आणि ती आयुष्यभर टिकेल अशी वस्तू आहे. तरफेचे यंत्र शंभर डॉलरच्या आसपास किंवा त्याहून पुढे जाते. महिन्यातून एखाद्या वेळी .४५ झाडणाऱ्याने नळी आणि डझन-दोन डझन चांगल्या क्लिपा घ्याव्यात आणि भरणी अंगठ्यानेच करावी. यंत्राचे पैसे त्याला परत मिळणार नाहीत. दर आठवड्याला सामन्याला जाणाऱ्याने, विशेषतः ९ मिलिमीटरचे किंवा .३८ चे आठ गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर असणाऱ्याने यंत्र घ्यावे, कारण तिथे काडतुसे दाटीने बसतात आणि अंगठ्याला जागा राहत नाही. मात्र यंत्र मागवण्याआधी आपल्या नेहमीच्या क्लिपा आणि नेहमीच्या पुंगळ्या कोणत्या हे विकणाऱ्याला लिहून कळवावे आणि त्याच जोडीवर यंत्र चालते का ते विचारून घ्यावे. चांगला विकणारा याचे उत्तर नीट देतो, आणि ज्याला प्रश्नच समजत नाही त्याच्याकडून यंत्र घेऊ नये. .४५ ची नळी घेतली आणि पुढे ९ मिलिमीटरचे रिव्हॉल्व्हर आले, तर दुसरी नळी वेगळीच घ्यावी, पहिलीत रबर किंवा कागद भरून काम भागवू नये.